सहा-सात इंची पात्यांचे घडीचे चाकू: ओढ कशाची, कामाचे किती?

निसणा

रोज खिशात राहणाऱ्या घडीच्या चाकूचं पातं सात ते दहा सेंटिमीटरचं असतं. हा धागा त्याच्या बऱ्याच पुढच्या मापांसाठी काढला आहे: पातं १४ सेंटिमीटर किंवा जास्त, उघडल्यावर एकूण लांबी ३० च्या वर. कोल्ड स्टील या कंपनीचा व्हॉयेजर एक्सएल (पातं १४, मिटलेला १७) हा या गटाचा उंबरठा. त्यांचाच एस्पाडा एक्सएल म्हणजे पातं १९, मूठ साडेतेवीस, उघडून साडेबेचाळीस सेंटिमीटर. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा १३ नंबर तर २२ सेंटिमीटर पात्याचा, उघडला की अर्धा मीटर.

आधी हिशेब मांडतो, कारण या विषयावरचं बरंचसं बोलणं हिशेबाशिवायच होतं.

घडी घालायची ती जागा वाचावी म्हणून. तळहाताला पुरेल अशी मूठ ११-१२ सेंटिमीटरची. म्हणून फिक्स्ड, म्हणजे न मिटणाऱ्या, चाकूची लांबी धरा पातं अधिक १२. घडीच्या चाकूत पातं मुठीत मावायला हवं, शिवाय बिजागरीला आणि खटक्याला (उघडलेलं पातं अडवून धरणारं कुलूप) जागा हवी. म्हणून मिटलेली लांबी पातं अधिक अडीच ते सहा. दोन्हींतला फरक सहा ते साडेनऊ सेंटिमीटर, आणि पातं कितीही वाढवा, तो तेवढाच राहतो.

ओपिनेल ८ नंबरचं पातं साडेआठ, मिटून ११. त्याच पात्याचा फिक्स्ड साडेवीसचा झाला असता, म्हणजे जवळजवळ निम्मी लांबी वाचली. एस्पाडा एक्सएलच्या पात्याचा फिक्स्ड ३१, मिटलेला एस्पाडा साडेतेवीस: वाचली चौथाई. ओपिनेल १३ मध्ये ३४ च्या जागी २८. सहाच सेंटिमीटर.

पातं वाढेल तशी घडीची सोय आटत जाते, पण बिजागरी, खटका, वजन आणि पन्हळीत (मिटलेलं पातं बसतं ती मुठीतली खाच) साचणारी घाण यांचा भार मात्र वाढतो. तरीही जाणकार माणसं हे चाकू मनापासून घेतात. ती ओढ कशाची आणि कामात हे चाकू कुठे टिकतात, दोन्ही लिहूया. स्वसंरक्षणाचा विषय इथे नको, अवजार आणि कारागिरी म्हणून बोलू.

कवडसा

हिशेब बरोबर आहे, पण एक बाजू राहिली. घडीच्या चाकूची लांब मूठ उघडल्यावर वाया जात नाही. साडेतेवीस सेंटिमीटरच्या मुठीवर हात दोन ठिकाणी बसतो. पुढे, बिजागरीजवळच्या खाचेत तर्जनी घालून धरलं की टोकावर ताबा मिळतो. मागे, मुठीच्या वळलेल्या शेपटाशी धरलं की पोहोच सात-आठ सेंटिमीटरने वाढते. दोन्ही हातांनी धरून ओढकाप करता येतो. अशी लांब मूठ फिक्स्ड चाकूला सहसा कोणी देत नाही.

ओढीचं दुसरं कारण यंत्रकाम. अर्ध्या हाताएवढं पातं एका खिळ्याभोवती फिरतं, जागेवर बसतं आणि हलत नाही, हे जमवणं अवघड आहे आणि जमलेलं हाताला कळतं. स्पेनच्या मोठ्या नाव्हाखा (तिथले पारंपरिक घडीचे चाकू) घ्या. त्यांच्यात कर्राका नावाची दातेरी रचना असते. पात्याच्या बुडाशी दाते, मुठीच्या पाठीवर पोलादी पट्टीची स्प्रिंग, स्प्रिंगला भोक. पातं उघडताना एकेक दाता त्या भोकात पडतो आणि कर्र-कर्र-कर्र असा आवाज होतो. नावही त्या आवाजावरूनच. मिटवायचं तर स्प्रिंगवरची कडी ओढून पट्टी उचलायची. अल्बासेते हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे, तिथे चाकूंचं स्वतंत्र संग्रहालयही आहे. एस्पाडाच्या मुठीची ती वळलेली चाल थेट नाव्हाखातून आलेली आहे.

तिसरं कारण सरळ आहे: एवढ्याशा जागेतून एवढं पातं बाहेर येताना पाहणं सुंदर असतं. संग्रहासाठी घेणाऱ्याला एवढं कारण पुरेसं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

खटका

आता ताकदीचं. इथे गैरसमज फार आहेत, म्हणून जरा सविस्तर.

कापताना जोर कुठे जातो हे आधी लक्षात घ्या. धार खाली दाबली की वस्तू धारेला वर ढकलते, म्हणजे पात्याला आणखी *उघडायच्या* दिशेने ढकलते. हा भार थांब-पिनेवर येतो, म्हणजे उघडलेल्या पात्याला पुढे जाऊ न देणाऱ्या पिनेवर. खटक्यावर भार येतो तो उलट्या दिशेने: पात्याच्या पाठीवर काही आदळलं, टोक रुतून बसलं आणि ते मूठ हलवून उपसलं, किंवा खोल कापात अडकलेलं पातं पिळलं तर. सरळ कापणीत साधा खटकाही वर्षानुवर्षं टिकतो, तो निसटतो उपसताना.

आता तरफेचा हिशेब. बिजागरीपासून खटक्याची बैठक (खटका पात्याला टेकतो ती जागा) साधारण ८ मिलिमीटरवर धरू. नऊ सेंटिमीटरच्या पात्याच्या टोकाला पाठीमागून १०० न्यूटन (दहा किलोंचा भार) लावला तर बैठकीवर ९० भागिले ८ गुणिले १००, म्हणजे सुमारे ११२५ न्यूटन येतात. तोच जोर १९ सेंटिमीटरच्या टोकाला लावला तर २३७५ न्यूटन, म्हणजे जवळजवळ २४० किलोंचा भार. बैठक त्याच मापाची ठेवली तर पातं दुप्पट करताच भारही दुप्पट. म्हणून लहान चाकूची रचना नुसती मोठी ताणून चालत नाही. बिजागरीचा खिळा जाड हवा, बैठक खिळ्यापासून लांब हवी, आणि त्यासाठी पात्याचं बूड रुंद हवं. चांगल्या एक्सएल चाकूंचं बूड बेढब रुंद दिसतं ते याच कारणाने.

साध्या पाठ-खटक्यात, म्हणजे बॅकलॉकमध्ये, लांब दांडी एका छोट्या पिनेवर डोलते आणि सगळा भार शेवटी त्या पिनेवर जातो. चाकूंचे रचनाकार अँड्र्यू डेम्को यांच्या ट्राय-ॲड लॉकमध्ये पात्याचं बूड आणि दांडी यांच्यामध्ये एक जाड थांब-पीन आहे. भार त्या पिनेतून मुठीच्या पट्ट्यांत उतरतो. दांडीच्या पिनेचं भोक मुद्दाम किंचित लांबट ठेवलेलं असतं, त्यामुळे झीज झाली तरी दांडी स्वतःची जागा शोधून घट्ट बसते. एस्पाडा आणि व्हॉयेजर एक्सएल विश्वासाचे वाटतात ते यामुळे.

नवी_मूठ

लायनर लॉकचे (मुठीतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे बसते तो खटका) मोठे चाकू बरेच स्वस्तात मिळतात. हलक्या कामाला ते पुरतील का? आणि पातं टोकाशी थोडं डावी-उजवीकडे हलतं, तो दोष धरायचा का?

खटका

पहिल्याचं उत्तर: पाव, फळं, पुठ्ठा एवढंच काम असेल तर पुरतात. पण दोन गोष्टी तपासा. लायनरची पट्टी किती जाड आहे ते बघा. १.२ मिलिमीटरची पट्टी नऊ सेंटिमीटरच्या पात्याला ठीक, १५ च्या पात्यामागे ती पिळली की सरकते. मग उघडल्यावर पट्टी पात्याच्या बुडावर कुठे बसते ते बघा. नव्या चाकूत बुडाच्या रुंदीच्या पाव ते निम्म्यापर्यंत बसलेली असावी. कडेवर जेमतेम टेकलेली असेल तर परत करा. पलीकडच्या पट्टीला जाऊन भिडलेली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही.

आणि लांब मूठ पिळून धरली की बोटांचा मांसल भाग लायनरवर दाबला जातो आणि पट्टी बाजूला सरकू शकते. लांब पात्याच्या कामात मूठ पिळली जातेच, म्हणून या मापात माझा कल पाठ-खटक्याकडे.

वायसर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

टोक हलतं याची दोन कारणं असतात, ढिल आणि लवचीकपणा. त्यांची गल्लत करून लोक स्क्रू आवळत सुटतात. पातं जिथे मुठीत शिरतं तिथे अंगठ्याचं नख असं टेकवा की अर्धं नख पात्यावर, अर्धं मुठीच्या पट्टीवर. दुसऱ्या हाताने, फडकं गुंडाळून, पात्याची पाठ मधोमध धरा आणि हलकेच डावी-उजवीकडे करा. नखाखाली 'टिक' जाणवली तर ढिल आहे. नखाखाली काही नाही आणि टोक मात्र लवून परत येतंय तर ते पातं लवतंय, त्याला स्क्रूचा इलाज नाही आणि गरजही नाही.

ढिल असली तरी ती किती हेही बघा. वायसर (बिजागरीत पातं आणि मूठ यांच्यामधली चकती) १२ मिलिमीटर व्यासाचा आणि फट ०.०५ मिलिमीटरची असेल तर १९ सेंटिमीटरवर टोक जवळजवळ ०.८ मिलिमीटर हलतं. तीच फट नऊ सेंटिमीटरच्या चाकूत ०.४ पेक्षा कमी दिसते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. लांब पातं दोष मोठा करून दाखवतं.

बिजागरी जुळवायची पद्धत:

धारेवर आधी मास्किंग टेपचे दोन थर. स्क्रूची खाच टॉर्क्स टी८ आहे की टी१० ते नीट बघा. टी१० च्या खाचेत टी८ बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच जोरात कडा खाऊन टाकतो. दोन्ही बाजूंना डोकी असतील तर दोन पाने लागतात, नाहीतर खिळा आतल्या आत फिरत राहतो. स्क्रू काढून आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या. मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक) घ्या, थेंब नव्हे, टाचणीच्या डोक्याएवढं, आणि तेही टोकाच्या दोन-तीन आट्यांवरच. जास्त लावलं की ते वायसरात उतरतं आणि पातं दुसऱ्या दिवशी हलतच नाही. लाल थ्रेडलॉकर वापरू नका, तापवल्याशिवाय निघत नाही आणि तापवताना प्लास्टिकच्या मुठी वितळतात.

पातं जड फिरेपर्यंत आवळा, मग एक-अष्टमांश फेरा सोडा. उघडा-मिटवा दहा वेळा. नखाची परीक्षा पुन्हा. लागलं तर आणखी एक-षोडशांश. मग २४ तास तसाच ठेवा. हे काम घाईत केलं तर सगळं पुन्हा करावं लागतं.

वायसर फॉस्फर ब्राँझचे असतील तर थेंबभर पातळ तेल. टेफ्लॉनचे असतील तर तेलाची गरज जवळजवळ नाही. गोळ्यांची बेअरिंग असलेली मोठी पाती सुळकन उघडतात पण बाजूचा भार ब्राँझच्या रुंद चकत्यांइतका शांतपणे पेलत नाहीत, त्यामुळे एक्सएल मापात ब्राँझच बरं. लायनर लॉकच्या बैठकीवर तेल लावू नका, पट्टी तिथे घर्षणानेच टिकते.

रानवाट

कामाचं बोलायचं तर लांब पात्याचा खरा फायदा एकाच गोष्टीत आहे: एका ओढीत कापणं. पावाची मोठी लादी, कलिंगड, मोठा मासा, फोमची गादी, पुठ्ठ्याचे मोठे खोके. वस्तूची रुंदी पात्यापेक्षा कमी असली की काप सरळ येतो. दहा सेंटिमीटरच्या पात्याने वीस सेंटिमीटरचं फळ कापताना फिरवून फिरवून कापावं लागतं आणि मध्ये पायरी राहते. तळावर स्वयंपाकाची सुरी वेगळी न्यायची नसेल तर १२ ते १४ सेंटिमीटरचं घडीचं पातं ती जागा खरंच भरून काढतं. माझ्या मते कामाची मर्यादा इथेच आहे. १५ च्या पुढे मिळणारी सोय कमी आणि कटकट जास्त.

न जमणारी कामं: सोलणं, कोरणं, बारीक काहीही. पात्याचं पोट, म्हणजे टोकाकडचा गोलावलेला भाग, हातापासून लांब असतं, त्यामुळे अंगठ्याने धारेवर ताबा राहत नाही.

फांद्या तोडायला हे चाकू नकोत. फिक्स्ड चाकूत वजन पुढे ठेवता येतं, घडीच्या चाकूत पट्ट्या, स्प्रिंग, खटका सगळं मुठीत, म्हणून तोल बिजागरीच्या मागे येतो आणि घाव पोकळ पडतो. मनगटापर्यंत जाडीची फांदी घडीच्या करवतीने मिनिटभरात सरळ कापली जाते. करवत हलकी, स्वस्त, आणि तिच्यात मोडण्यासारखं जवळजवळ काही नाही.

लाकूड फोडायला पात्याच्या पाठीवर ठोकणं तर नकोच. वर खटका यांनी सांगितलं तसं पाठीवरचा आघात थेट खटक्यावर जातो. काही जण खटका सोडून, मूठ सैल झुलती ठेवून ठोकतात, म्हणजे आघात खटक्याला लागत नाही. खटका वाचतो हे खरं, पण बिजागरीचा खिळा आणि वायसर मार खातातच, आणि झुलती मूठ दुसऱ्या हाताजवळ नाचत असते.

कवडसा

एक छोटा मतभेद. सगळ्या मोठ्या घडीच्या चाकूंत घाव पोकळ पडतो असं सरसकट म्हणता येणार नाही. कोल्ड स्टीलच्या राजा २ चं सहा इंची पातं खुकरीच्या चालीचं आहे. पुढे रुंद, मध्ये वाकलेलं, त्यामुळे वजन पुढे सरकतं आणि हिरव्या कोवळ्या फांदीवर घाव बसतो. करवतीच्या कामाची बरोबरी नाही, हे मान्य.

रानवाट

कोवळ्या फांदीपुरतं मान्य. सुकलेल्या लाकडावर मात्र तोच घाव तिरपा बसला की पातं पिळतं आणि सगळी पिळवट बिजागरीवर येते.

तिरपी_धार

जवळ बाळगण्याबद्दल आणि उघड-मिट करण्याबद्दल.

खिशात क्लिप लावून साडेतेवीस सेंटिमीटरचा चाकू ठेवता येतो, पण बसता येत नाही. बसताना मांडी वर येते, चाकू वाकत नाही, मग त्याचं वरचं टोक पोटाच्या कडेला रुततं. क्लिपचे छोटे स्क्रू एवढं वजन रोज पेलून सैल होतात आणि एक पडला की उरलेले क्लिपला गोल फिरू देतात. पट्ट्याला आडवं म्यान किंवा पाठपिशवीतला उभा कप्पा, या दोनच जागा सोयीच्या. व्हॉयेजर एक्सएल अजून खिशात चालतो, ते सतरा सेंटिमीटर माफ करता येतात.

मिटलेला चाकू मिटलेलाच राहतो का, हे घरी आल्याबरोबर तपासा. मूठ घट्ट धरा, पन्हळ खाली, आणि गादीच्या वर हात झटका. पातं एक मिलिमीटरही बाहेर आलं तर तो चाकू म्यानाशिवाय कुठेही ठेवू नका. वजनी पात्याला लहान चाकूची स्प्रिंग दिली की हे होतं.

आता मिटवणं. लांब पात्याच्या चाकूंमध्ये जखमा उघडताना कमी, मिटवताना जास्त होतात. कारण माणूस लहान चाकूच्या सवयीने एका हाताने मिटवायला जातो.

पाठ-खटक्याच्या एक्सएलसाठी क्रम असा. डाव्या तळव्यात मूठ मधोमध, पाठ तळव्याकडे, पन्हळ समोर. बोटं मुठीच्या *बाजूंवर* सपाट, एकही बोट पन्हळीच्या ओठावरून आत वाकलेलं नको. डाव्या अंगठ्याने दांडी दाबा. उजव्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ, बिजागरीपासून पाच-सहा सेंटिमीटरवर. पातं ३०-४० अंश वळलं की दांडी खाचेतून बाहेर असते, आता अंगठा काढा. इथे थांबून डाव्या हाताची बोटं पुन्हा एकदा बघा. मग उजवा तळवा पाठीवर सपाट ठेवून पातं खाली आणा. शेवटच्या पंधरा-वीस अंशांत आधी स्प्रिंग अडते, मग एकदम आत ओढते. बोटाला इजा होते ती याच शेवटच्या टप्प्यात. गुडघ्यावर किंवा मांडीवर टेकवून मिटवू नका.

१९ सेंटिमीटरचं, चारेक मिलिमीटर जाड पातं दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं. खटका दाबून ते नुसतं पडू द्यायची गोष्ट नाही.

नवी_मूठ

धन्यवाद, मिटवायचा क्रम फारच उपयोगी. एस्पाडाच्या पात्यावर ती आडवी चकती असते तिने एका हाताने उघडणं कितपत सोपं?

तिरपी_धार

अंगठ्याने ढकलून उघडणं जमतं, पण पातं जड असल्याने पहिल्या ४५ अंशांत मूठ हातात फिरते. अंगठ्याने चकती ढकलताना करंगळी आणि अनामिका मुठीवर घट्ट ठेवा, मनगट झटकू नका. झटकून उघडलेलं लांब पातं थांब-पिनेवर जोरात आदळतं आणि दरवेळी बैठक किंचित ठोकली जाते. खिशाच्या कडेत चकती अडकवून ओढताच उघडण्याची युक्ती या चाकूवर चालते, पण एवढं पातं कमरेपाशी झटक्यात उघडण्याची गरज कोणत्याही कामात पडत नाही. दोन हातांनी शांतपणे उघडा.

निसणा

धारेबद्दल मी लिहितो.

घरगुती निसणा (धार लावायचा दगड) १५ ते २० सेंटिमीटरचा. पातं १९ चं. आडवं घासून जमत नाही, कारण बूड निसण्यावर असताना टोक हवेत लटकतं आणि स्वतःच्या वजनाने कोन बदलतं. पात्याचे तीन भाग करा: बुडाकडचा सरळ, मधला, आणि पोट ते टोक. प्रत्येक भाग वेगळा घासा, पुढच्या भागावर दोन सेंटिमीटर चढवून, म्हणजे सांधा दिसत नाही. प्रत्येक भागाला सारखेच हात. कड आली की (उलट बाजूला नखाने अडते ती) पातं उलटवा. शेवटी पूर्ण लांबीचे पाच-सहा हलके हात, बुडापासून टोकापर्यंत तिरपे ओढून. काम रोजचं असेल तर एका बाजूला २० अंश चांगले. कमी कोनावर लांब पातं छान सुरकन कापतं, पण पुठ्ठ्याने धार लवकर दुमडते.

राजासारख्या आत वळलेल्या पात्याला सपाट निसणा चालत नाही. निसण्याच्या दोन्ही कडा आतल्या वळणात खड्डे पाडतात. गोल सिरॅमिक दांडी किंवा निसण्याची गोलावलेली कड वापरा.

पातं पकडून दांडीवरचा निसणा ठराविक कोनात फिरवणाऱ्या क्लॅम्पवाल्या उपकरणांत लांब पात्याच्या टोकाकडे कोन आपोआप कमी होत जातो, म्हणून क्लॅम्प दोन-तीन जागी सरकवावा लागतो.

खटका

शेवटच्या वाक्यात थोडी दुरुस्ती. धार *सरळ* असेल तोवर कोन बदलत नाही. उपकरणाच्या दांडीचा सांधा हा एक बिंदू आणि सरळ धार ही एक रेषा. एका बिंदूतून आणि एका रेषेतून एकच सपाटी जाते, त्यामुळे सरळ धारेवर निसणा कुठेही असला तरी त्याच सपाटीत राहतो. कोन बदलतो तो पोटाच्या वळणावर, कारण तिथे धार त्या रेषेतून बाहेर जाते. लांब पात्यात आणखी एक गोष्ट होते: क्लॅम्प मधे आणि दाब टोकाकडे, मग पातं लवतं आणि प्रत्यक्ष कोन बदलतो. म्हणून क्लॅम्प सरकवायचा हे बरोबरच, पण कारण लवणं आणि पोट. दाब अर्धा केला तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

निसणा

बरोबर आहे, दुरुस्ती मान्य. मार्करने धारेची पट्टी रंगवून दोन हात मारले की शाई कुठली निघाली ते लगेच दिसतं. लांब पात्यात मार्कर वापराच: शाई खांद्यापाशी (पट्टीच्या वरच्या, पात्याकडच्या बाजूला) निघाली तर कोन कमी, अगदी धारेपाशी निघाली तर जास्त.

वायसर

सफाईची एक गोष्ट राहिली. पाठ-खटक्यात बुडाच्या खाचेत खिशातली लव, पावाचा चुरा, फळाचा रस वाळून बसतो. उघडल्यावर दांडीची पाठ मुठीच्या पाठीशी समतल आहे का ते बोट फिरवून बघा. दांडी नखभर वर राहिली असेल तर खाचेत घाण आहे आणि खटका अर्धाच बसलेला आहे. त्या अवस्थेत काम करू नका. लाकडी टूथपिकने खाच खरवडा, कोमट पाण्यात थेंबभर साबण, जुना टूथब्रश, मग पातं अर्धं उघडं ठेवून वाळवा. धातूची सुई वापरली तर बैठकीवर ओरखडे उठतात.

जेवणाच्या कामासाठी घेत असाल तर मुठीची पाठ खुली आहे असा चाकू घ्या, पाण्याच्या धारेखाली आरपार धुता येतो.

रानवाट

जेवणाच्या कामाचं निघालं म्हणून ओपिनेल १२ बद्दल. पातं १२ सेंटिमीटर, पातळ, मूठ लाकडी, वजन या धाग्यावरच्या एक्सएल चाकूंपेक्षा कितीतरी कमी. निसणा यांच्या व्याख्येत तो बसत नाही, पण ज्याला लांब काप हवा आणि पोलादाचा गोळा नको त्याने आधी हा बघावा. खटका म्हणजे व्हिरोब्लॉक कडं, १९५५ पासूनचं. कडं फिरवलं की पात्याच्या बुडामागची फट बंद होते. २००० नंतरच्या कड्याने चाकू मिटलेलाही कुलूपबंद होतो, पिशवीत टाकायला हे फार चांगलं.

याचा त्रास एकच, लाकूड. मूठ भिजली की फुगते आणि पातं चिमटून धरते, नखाने ओढूनही निघत नाही. जोर लावू नका. कडं उघडं करा आणि मुठीचं शेपूट, बिजागरीच्या विरुद्ध टोक, टेबलाच्या कडेवर टकटक आपटा. पातं स्वतःच्या जडत्वाने एक-दोन सेंटिमीटर बाहेर येतं. मग दोन दिवस सावलीत, उघड्या अवस्थेत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवलं तर बीचचं लाकूड बिजागरीच्या खिळ्यापाशी तडकतं. दरवेळी अडकत असेल तर फटीच्या आतल्या भिंती २४० नंबरच्या पॉलिशपेपरने हलक्या घासा, पेपर लोखंडी पट्टीभोवती गुंडाळून, आणि मग जवसाचं तेल पाजा. घासणं अगदी थोडं, कारण काढलेलं लाकूड परत लागत नाही आणि मग कोरड्या हवेत पातं लळालोंबा होतं.

कवडसा

कायद्याचं एकच सांगून ठेवते, कारण इथे मापाचीच चर्चा आहे. देशोदेशी मोजण्याची पद्धतसुद्धा वेगळी असते. स्पेनमध्ये ११ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचा घडीचा चाकू बाळगता येत नाही, आणि ते माप मुठीच्या कडेपासून टोकापर्यंत घेतात. म्हणजे मोठ्या नाव्हाखांच्या मायभूमीतच त्या घरच्या संग्रहापुरत्या. ब्रिटनमध्ये कारणाशिवाय जवळ ठेवता येतो तो तीन इंचांपर्यंतच्या धारेचा आणि खटका *नसलेला* घडीचा चाकू. जर्मनीत एका हाताने उघडून खटक्याने बसणारा चाकू रास्त कारणाशिवाय बाळगता येत नाही, पातं कितीही लहान असो. एस्पाडा किंवा व्हॉयेजर एक्सएल यांतल्या प्रत्येक कसोटीवर अडकतो. मागवण्याआधी आपल्याकडचा नियम मूळ मजकुरात वाचा, विक्रेत्याच्या माहितीवर अवलंबून राहू नका.

नवी_मूठ

शेवटचा प्रश्न. संग्रहासाठी घेतलेला, कार्बन पोलादाचं पातं असलेला मोठा चाकू ठेवायचा कसा? चामड्याचं म्यान सोबत आलं आहे.

वायसर

म्यानात ठेवू नका. चामडं हवेतला ओलावा धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला खातात. गंज आधी येतो तो म्यानाच्या तोंडाशी आणि बिजागरीच्या कडेला, जिथे नजर जात नाही.

पातं कोरड्या फडक्याने पुसा, खनिज तेलाचा पातळ हात द्या. खाद्यतेल नको, ते चिकट होऊन पिवळं पडतं. बिजागरीत एक थेंब सोडून पातं पाच-सहा वेळा उघडमिट करा म्हणजे जुनी ओल बाहेर येते, ती पुसा. चाकू मिटवून सुती कापडात गुंडाळा, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात. तीन महिन्यांनी एकदा काढून बघा. पात्यावर राखाडी-निळसर छटा आली तर ती राहू द्या, ती पोलादाला जपते. तांबूस ठिपका दिसला तर मात्र त्याच दिवशी तेल आणि ०००० नंबरच्या स्टील वूलने काढा, पात्याच्या लांबीच्या दिशेने घासून, आडवं नको.